आधी तो फ्लेक्स उतरव

केंब्रिज,
रविवार, ता. २२ मार्च २०२६

ती. दादास सा. न. वि. वि.

पाडव्याचे फोटो पोचले. वहिनीची रांगोळी बघितली, आईची नवी साडी बघितली, श्रीखंडाच्या वाटीकडं जरा जास्तच वेळ बघितलं, आणि मग गुढीच्या मागं चौकातल्या खांबावर नजर गेली. फोटो मोठा केला. दादा, आधी तो फ्लेक्स उतरव आणि मग पुढचं पत्र वाच.

'केंब्रिज विद्यापीठाच्या फुटबॉल संघात निवड झाल्याबद्दल आमच्या लाडक्या भाचीचे हार्दिक अभिनंदन!' मधोमध तू, गॉगल लावून. खाली तालमीची पोरं, निम्म्यांचे मोबाइल कानाला. वर आजी-माजी नगरसेवक. आणि डाव्या कोपऱ्यात, छापणाऱ्याच्या फोन नंबरच्या वर, पासपोर्टएवढी माझी पोरगी, तीही सात वर्षांची, परकर-पोलक्यात. चौकातनं जाणाऱ्याला वाटेल की केंब्रिजचा फुटबॉल संघ फार लहान वयात निवडतात.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू 'कितवा नंबर?' एवढंच विचारतोस आणि उत्तर यायच्या आत तालमीत जाऊन ते सांगूनही मोकळा होतोस. पत्राला मधेच तोडता येत नाही. म्हणून लिहायला बसले.

नंबर शेवटून पहिला. नोव्हेंबरात काही दिवस शेवटून दुसरा होता, पण तेव्हा वरच्या टीमचे निकाल कुणी टाकायचे राहून गेले होते. ते टाकल्यावर आम्ही मुक्कामी परत आलो.

आता निवडीबद्दल. विद्यापीठाचा म्हणून जो संघ असतो तो वेगळा, त्याला ब्लूज म्हणतात. ऑक्सफर्डशी त्यांची वर्षातनं एक मोठी मॅच होते, पुरुषांची ती १८७४ पासूनची. त्यात खेळलं की 'ब्लू' मिळतो, म्हणजे फिकट निळा कोट घालून जन्मभर मिरवायची सोय. त्याखाली विद्यापीठाचाच दुसरा संघ. त्याखाली ३१ कॉलेजं, त्यांची आपापसातली लीग, आणि 'कपर्स' नावाचा नॉकआउट कप. या सगळ्याच्या तळाशी, जिथं ऊन कमी पोचतं, तिथं एक टीम आहे, जी दोन कॉलेजांनी मिळून काढली आहे. कारण एकेका कॉलेजात अकरा मुली भरत नव्हत्या. तुझी भाची त्या टीमची गोलकीपर. निवड वगैरे काही झाली नाही. ऑक्टोबरात पहिल्या सरावाला ती लॅबमधनं उशिरा पोचली, तोवर बाकीच्यांनी जागा वाटून घेतल्या होत्या आणि हातमोजे तेवढे शिल्लक होते. कॉलेजांची नावं मुद्दाम लिहीत नाही. लिहिली तर दुसरा फ्लेक्स लागेल.

आबांना हे कळलं असतं तर काय म्हणाले असते, याचा मी पुष्कळ विचार केला. रँग्लर परांजपे १८९९ साली इथं सीनियर रँग्लर झाले, असा मान मिळालेले पहिले भारतीय. आणि इथंच शिकलेले जयंत नारळीकर तर आपल्या कोल्हापुरातच जन्मलेले. ही दोन नावं आबांनी आपल्या डोक्यात पाढ्यांच्या आधी घातली होती. लेकीला प्रवेश मिळाला त्या दिवशी मी देव्हाऱ्यापुढं साखर ठेवली आणि आबांना मनात म्हटलं, तिसरं नाव तयार आहे. शाहू महाराज १९०२ मध्ये इंग्लंडला आले तेव्हा याच विद्यापीठानं त्यांना एलएल.डी. दिली, आणि ते इकडं असतानाच पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा त्यांचा हुकूम करवीर गॅझेटात निघाला. म्हणजे कोल्हापूरच्या माणसानं केंब्रिजला येऊन काय करायचं, याची पातळी आधीच जरा उंच लागलेली आहे. तिथं आम्ही पहिल्या मॅचला ९-० हरलो.

त्या मॅचला मी गेले नव्हते. जायचा विचारही नव्हता. तुला ठाऊक आहे, फुटबॉलपासून लांब जायला मिळेल हा लग्नाच्या वेळी मला दिसलेला मोठा फायदा होता. शाहू स्टेडियमवर तुमच्या तालमीची मॅच असली की आपल्या घरात सकाळपासून कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. हरलास तर तू जेवायचा नाहीस, तू जेवला नाहीस म्हणून आई जेवायची नाही, आणि जिंकलास तर तालमीची तीस माणसं जेवायला यायची. दोन्हीकडनं भाकरी थापायला मीच. इंग्लंडात फुटबॉल आहे हे माहीत होतं. पण तो टीव्हीवर आहे, रिमोट माझ्या हातात आहे, असं समजून मी निवांत होते.

मग धुणं आलं. इथं नियम असा की डिग्रीच्या मुलांनी गावातल्या ग्रेट सेंट मेरीज चर्चपासून तीन मैलांच्या आत राहायचं. आमचं घर त्या तीन मैलांत बसतं, तरी पोरगी राहते कॉलेजात आणि तिचे कपडे राहतात माझ्याकडं. ऑक्टोबरातल्या एका रविवारी सायकलला भलं मोठं पोतं लटकवून आली. म्हटलं, एवढे कपडे? तर म्हणे, पूर्ण टीमचे. जर्सी धुवायची पाळी दर आठवड्याला एकीची असते, पण कॉलेजच्या मशीनमध्ये पैसे पडतात आणि आपल्याकडं मशीन फुकट आहे, असं तिनं जाहीर करून टाकलं होतं. चिखल असा की मशीनमधनं बाहेर पडलेल्या पाण्यात भात लावता आला असता. मागच्या अंगणात दोरीवर अकरा जर्सी वाळत घातल्या तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या बाई कुंपणावरनं बघत म्हणाल्या, फारच मोठं कुटुंब दिसतं तुमचं. धुणं आपलं म्हटल्यावर ते मळतं कुठं हे बघायला तरी गेलंच पाहिजे. अशी मी पहिल्यांदा मैदानावर गेले.

जायच्या आधी ह्यांनी मला पार्कर्स पीसवर नेलं. ह्यांचा स्वभाव तुला माहीत आहे. लेक गोलकीपर झाली म्हटल्यावर हे बूट आणायला जायच्या ऐवजी लायब्ररीत गेले. पार्कर्स पीस म्हणजे गावाच्या मधोमध पंचवीस एकरांचं सपाट हिरवं मैदान. नाव पडलं ते एडवर्ड पार्कर या आचाऱ्यावरनं. ट्रिनिटी कॉलेजचा आचारी, त्यानं ही जमीन खंडानं घेतली होती. चारशे वर्षं झाली, राजे आले, गेले, मैदान अजून स्वयंपाक्याच्या नावानं चालतं, हे मला फार आवडलं. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याभिषेकाला, १८३८ साली, इथं पंधरा हजार माणसांची पंगत बसली होती. तेव्हा वाढपी किती होते हे मात्र ह्यांच्या पुस्तकात नाही.

खरी गोष्ट पुढची आहे, आणि ती तू तालमीत वाचून दाखवायची आहेस. १८४० च्या सुमाराला इथं येणारा प्रत्येक पोरगा आपापल्या शाळेचा फुटबॉल घेऊन यायचा. ईटनचा वेगळा, हॅरोचा वेगळा, रग्बीचा त्याहून वेगळा. रग्बीवाल्यानं चेंडू हातात घेतला की ईटनवाला बोंब मारायचा. रोज मैदानात भांडण. शेवटी १८४८ मध्ये ट्रिनिटीत चौदा जण एका खोलीत बसले. त्यातल्याच हेन्री माल्डेननं म्हातारपणी लिहून ठेवलंय की चारचं जेवण आटोपून बसलो ते नियम पूर्ण झाले तेव्हा मध्यरात्रीला पाच मिनिटं होती. मग ते छापले आणि पार्कर्स पीसवर लावले. पंधरा वर्षांनी लंडनात फुटबॉल असोसिएशननं आपले नियम केले ते या केंब्रिजच्या नियमांचा मोठा आधार घेऊन. आता तिथं चार दगडी खांब उभे केलेत, नियम वेगवेगळ्या भाषांत कोरलेले. तुझ्यासाठी फोटो जोडलाय.

दादा, मी त्या खांबांपाशी उभी राहून कल्पना करून बघितली. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण, बालगोपाल, सगळ्या तालमींचे मिळून चौदा जण एका खोलीत, बाहेरून कडी, आणि मध्यरात्रीच्या आत एकमत. चहाचे किती राउंड झाले असते, आणि 'आमच्या पेठेचं नाव पहिलं का नाही' यावर पहिले चार तास गेले असते. त्या चौदांतला एकही बहुधा कोल्हापूरचा नव्हता, म्हणूनच जगाला फुटबॉल मिळाला.

आणि त्या मैदानाच्या बरोबर मधोमध एक जुना दिव्याचा खांब आहे, त्याला इथली पोरं 'रिअॅलिटी चेकपॉइंट' म्हणतात. विद्यापीठ संपून खरं जग तिथं सुरू होतं म्हणे. आमच्या टीमचं खरं जग त्याच्या बऱ्याच पुढं, गावाबाहेरच्या मैदानावर होतं.

तिथलं पहिलं दृश्य सांगते. दुपारी दोनची मॅच. प्रेक्षक मी, हे, कुणाचा तरी मित्र, आणि एक कुत्रा, जो दुसऱ्या टीमचा होता. एवढं शांत की चेंडूला पाय लागल्याचा आवाज येत होता. मैदानात मुली एकमेकींना 'सॉरी' म्हणत होत्या. आपल्याकडं स्टेडियममध्ये पाच मिनिटं बसलं तर नुसत्या कानावर पडलेल्या शब्दांनी आईनं तोंड धुवायला लावलं असतं. इथं आमच्या बॅकनं त्यांच्या फॉरवर्डला पाडलं, मग दोघी एकमेकींना उठवत बसल्या, आणि तोवर तिसरीनं गोल केला. माझ्याकडनं राहवलं नाही. 'अगं मार की! बघतीस काय!' असा माझा आवाज गेला तो इतका खणखणीत, की रेफरीनं वाजवायला उचललेली शिट्टी तोंडातच ठेवून माझ्याकडं बघितलं. तुझी भाची गोलमध्ये उभी होती ती लाजेनं जाळ्यामागं गेली. पण पुढच्या वेळी तिची कॅप्टन स्वतः येऊन म्हणाली, त्या बाजूलाच उभ्या राहा, तुम्ही ओरडलात की आमची डावी बॅक जागी होते.

हंगामाचं म्हणशील तर इथल्या टर्मा आठ-आठ आठवड्यांच्या. ऑक्टोबर ते डिसेंबर एक, जानेवारी ते मार्च दुसरी. एप्रिलपासनं परीक्षेचं वारं लागतं आणि फुटबॉल बंद. म्हणजे सोळा आठवड्यांत काय ते उरकायचं, आणि तेही वर्षाच्या सगळ्यात वाईट सोळा आठवड्यांत. डिसेंबरात पावणेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. मैदानाला दिवे नाहीत. दुसऱ्या हाफच्या शेवटाला चेंडू दिसत नाही, नुसता येतो. जानेवारीत जमीन गोठते, मग माळी येऊन टाचेनं ठोकून बघतो आणि मान हलवतो. इथं माळ्याचा शब्द शेवटचा, त्याच्यापुढं रेफरी नाही, कॉलेजचे मास्तर नाहीत. फेब्रुवारीत बर्फ वितळून मैदानाचा रंकाळा तलाव होतो.

यातनं एखादी मॅच वाचलीच, तर होड्या आडव्या येतात. केंब्रिजला वल्ही मारायचं वेड आहे. नदी अरुंद, दोन होड्या शेजारी मावत नाहीत, म्हणून एकामागनं एक सोडतात आणि मागचीनं पुढचीला धडक द्यायची. धडक दिली की जिंकली. या शर्यतीला 'बम्प्स' म्हणतात, १८२७ पासून चालू आहे, आणि सुसंस्कृत खेळ समजतात. आपल्या गंगावेशीत रिक्षावाले हेच करतात, त्यांना कुणी कप देत नाही. तर फेब्रुवारीअखेरीला आमच्या दोन फॉरवर्ड आणि एक मधली होडीवर गेल्या, पहाटेच्या सरावानं हाताला फोड, त्यामुळं कपर्सच्या मॅचला आठच जणी. सातापेक्षा कमी असतील तर मॅच होत नाही, आठ चालतात. आठ जणींनी अकरांशी खेळून ६-० हार घेतली आणि पोरी अशा खूश, की जणू कप घेऊनच निघाल्यात. का, तर 'प्रत्येक गोलला आम्ही अडवायचा प्रयत्न केला.'

एक मॅच जिंकलो. समोरची टीम भरलीच नाही. त्यांच्या सहाच जणी जमल्या होत्या. फुकटचे पॉइंट मिळाले म्हणून आमच्यांनी केक कापला, आणि त्या सहा जणींना बोलावून त्यांनाही खिलवला.

दादा, मला हे हरून हसणं अजून पचलेलं नाही. मी ह्यांना म्हटलं, या मुलींना काहीच कसं वाटत नाही? हे म्हणाले, ऑक्सफर्ड विद्यापीठानं १८७४ साली एफए कप जिंकला होता, रॉयल एंजिनिअर्सना २-० हरवून. तेव्हा विद्यापीठांची पोरंच देशातली मोठी टीम होती. मग कारखान्यांच्या गावांतनं पगारी खेळाडू आले, आणि कॉलेजांच्या हातात फक्त मजा उरली. असेल तसं. मला दुसरंच दिसतं. आपल्याकडं टीम पेठेची असते. तू आउटसाइड लेफ्टला धावायचास तेव्हा तुझ्या पाठीवर अख्खी गल्ली बसलेली असायची, भाजीवाल्या मावशींपासनं मंडळाच्या अध्यक्षापर्यंत. म्हणून तुझा गुडघा गेला तेव्हा गल्ली रडली. इथं टीम त्या अकरा जणींची, बाराव्या माणसाचा तिच्यावर हक्क नाही. हरल्या तर अकराच हरतात, मग ते दुःख केकनं भागतं. यातलं बरं कुठलं ते मला ठरवता येत नाही. पण एक आहे. नऊ गोल खाल्लेली गोलकीपर आपल्या पेठेत दुसऱ्या दिवशी दूध आणायला बाहेर पडू शकली नसती. माझी पोरगी दुसऱ्या दिवशी सरावाला गेली.

आणि मुलींचं म्हणशील, तर त्यांना नुसतं मैदान मिळणं हेच मोठं. हे मला पोरीनंच सांगितलं, न्यूनम कॉलेजवरनं सायकलनं जाताना. १९२१ साली बायकांना पूर्ण डिग्री द्यायची का यावर इथं मतदान झालं, नको असं ठरलं, आणि जिंकलेली पोरं आनंदाच्या भरात हातगाडी घेऊन न्यूनमच्या फाटकावर आदळली. फाटक मोडलं. डिग्री मिळायला १९४८ उजाडलं. त्याच १९२१ च्या डिसेंबरात फुटबॉल असोसिएशननं बायकांना आपल्या मैदानांवर बंदी घातली. कारण काय, तर खेळ बायकांना झेपत नाही. आदल्या वर्षी नाताळाच्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलला डिक, कर लेडीज या टीमची मॅच बघायला ५३ हजार माणसं आली होती, ते बहुधा पुरुषांना झेपलं नाही. बंदी उठायला पन्नास वर्षं गेली. म्हणून गेल्या जुलैत इंग्लंडच्या बायकांनी बासेलला स्पेनला हरवून दुसऱ्यांदा युरो जिंकला तेव्हा इथं घराघरातनं आरडाओरडा झाला. हॅना हॅम्प्टननं शूटआउटमध्ये दोन पेनल्ट्या अडवल्या. आमचं ध्यान सोफ्यावर उभं राहून ते बघत होतं. हातमोजे ऑक्टोबरात 'शिल्लक' राहिले होते यावर माझा आता फारसा विश्वास नाही. आपल्याकडनंही कोल्हापूर सिटीच्या पोरी इंडियन विमेन्स लीग खेळून आल्याच की. तू त्यांच्या मॅचला गेला होतास का? की आपला अनिकेत जाधव सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला तेव्हाच फक्त फटाके?

आता तुझ्या व्हॉइस नोटांबद्दल. तुझी भाची तुला प्रत्येक मॅचचा व्हिडिओ पाठवते आणि तू तीन-तीन मिनिटं बोलतोस, हे मला जानेवारीत कळलं. हाफटाइमला पोरी गोल करून बसतात, संत्र्याच्या फोडी चोखतात, मी नेलेलं भडंग खातात (पहिल्या दिवशी दोघी रडल्या, आता डबा आधी मागतात), आणि मधे फोन ठेवून तुझा आवाज लावतात. तू ओरडतोस, त्यांना कळत काही नाही, पण माना डोलावतात. मग पोरगी इंग्रजीत थोडक्यात सांगते. तू म्हणालास, 'पहिल्या पाच मिनिटांत त्यांच्या फॉरवर्डला आपली ओळख करून द्या.' आमची बॅक धर्मशास्त्र शिकते, फार गुणी मुलगी. ती मॅच सुरू होताच त्या फॉरवर्डकडं गेली, हात पुढं केला आणि नाव सांगितलं. दोघींची चांगली मैत्री झालीय.

पण एक सल्ला तुझा लागला, ते सांगायलाच हवं. शेवटची मॅच, परवाच्याच आठवड्यात. धड ऊन पडलेलं. आमच्या अकरा जणी हजर, ही बातमीच. १-१ अशी बरोबरी, त्यातला आमचा एक आम्हीच केलेला, त्यांनी चुकून नाही. पाच मिनिटं उरली होती. बरोबरी टिकली असती तर खेळून मिळवलेला हंगामातला पहिला पॉइंट. आणि रेफरीनं पेनल्टी दिली. हे माझ्या कानात कुजबुजले की पेनल्टीची कल्पना मुळात विल्यम मॅकक्रम नावाच्या आयर्लंडमधल्या एका गोलकीपरनं काढली आणि १८९१ मध्ये ती नियमात आली. मी म्हटलं, गप्प बसा.

तू सांगितलं होतंस, तिच्या डोळ्याकडं बघू नको, टेकलेल्या पायाकडं बघ, तो ज्या अंगाला वळेल तिकडं जा. पोरगी वाकून उभी. मी ओरडायचं विसरले, यावरनं काय ते समज. त्या मुलीनं मारला तो खालनं उजवीकडं, आणि दादा, आपली पोरगी आडवी झाली, पूर्ण, चिखलात, आणि चेंडू तिच्या पंजाला लागून बाजूला उडाला! अडवला! मी काय ओरडले मला ठाऊक नाही, ह्यांचं म्हणणं 'नाद खुळा'. दहाच्या दहा जणी धावत आल्या आणि तिच्या अंगावर पडल्या. मिठ्या, किंकाळ्या, एक तर रडत होती.

चेंडू मात्र खेळातच होता. त्यांची एक पोरगी त्याच्याजवळ उभी. तिनं एकदा ढिगाऱ्याकडं बघितलं, एकदा रेफरीकडं, मग अगदी नाइलाजानं, पायानं हळूच ढकलला. २-१.

रेफरीनं मध्यरेषेकडं बोट केलं. मी मैदानात उतरणारच होते, ह्यांनी माझ्या कोटाला धरलं. मॅच संपल्यावर ती गोल करणारी मुलगी आमच्या गोलकीपरला शोधत आली, 'सॉरी, मला फार वाईट वाटलं,' म्हणाली, आणि आपल्या पोरीनं तिला केक दिला. मी तिला भडंग दिलं, तेही तळाचं, जिथं तिखट जास्त असतं.

हंगामाचं जेवण झालं कॉलेजच्या हॉलमध्ये, काळे झगे घालून, मेणबत्त्या लावून. एवढ्या थाटात तर आपल्याकडं लीग जिंकणारेही जेवत नाहीत. बक्षिसं सगळ्यांना. कुणाला जास्तीत जास्त चिखलाचं, कुणाला सर्वांत नम्र फाउलचं (धर्मशास्त्र). तुझ्या भाचीला त्या पेनल्टीचं मिळालं, आणि पुढच्या वर्षाची कॅप्टनही तीच झाली. निवडणूक झाली, ती एकटीच उभी होती.

म्हणून आता कामाचं. धर्मशास्त्रवाली यंदा पास होऊन जाईल. दोन फॉरवर्ड होडीवाल्यांनी कायमच्या पळवल्यात. आमच्यावर झालेल्या गोलांत कॉर्नरवरचे फार आहेत, कारण कॉर्नर आला की सगळ्या जणी चेंडूकडं बघतात आणि माणसाकडं कुणीच नाही. जवळच्या खांबाशी उंच मुलगी उभी करायची की चपळ? आणि प्रत्येकीला एकेक माणूस वाटून द्यायचा की जागा? ह्यांनी पुस्तकात बघून जागा सांगितली आहे, म्हणून तुला विचारते. जून-जुलैत वर्ल्ड कपचे कटआउट उभे करण्यात तू गुंतशील, त्याच्या आत कळव. पोरगी ऑगस्टात तिकडं येते आहे, पंधरा दिवस पहाटे तालमीच्या पोरांबरोबर सराव करायचा म्हणते. आईला आत्ताच सांगू नको.

आईला आणि वहिनीला नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी

ता. क. व्हॉइस नोट एका मिनिटाच्या आत ठेवत जा. हाफटाइम पंधरा मिनिटांचा असतो आणि त्यात त्यांना केकही खायचा असतो.